शाळेसाठी ८५ सेंटीमीटरचा सांगाडा घेतला, वापरून कसा वाटला ते सविस्तर

आमची जिल्हा परिषदेची शाळा मालवण तालुक्यात, समुद्राला लागून, पहिली ते सातवी, पट कमी. गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी शाळेसाठी वर्गणी काढली आणि काय हवंय ते सांगा म्हणाले, तर मी हाडांचा सांगाडा मागितला. बऱ्याच जणांना वाटलं की बाईंनी टीव्ही तरी मागायचा, पण सहावीच्या विज्ञानात अस्थिसंस्थेचा धडा आहे आणि तो मी इतकी वर्षं तक्त्यावरच शिकवत आलेय, आणि तक्त्यावर काय होतं तर मुलं नावं घडाघडा पाठ म्हणतात पण बरगड्या पाठीकडून निघून गोल फिरून पुढे येतात हे कोणाच्या डोक्यातच येत नाही, कारण चित्र सपाट. कण्याचंही तसंच, समोरून काढलेल्या चित्रात तो सरळ काठीसारखा दिसतो. म्हणून सांगाडा. दुसऱ्यांच्या पैशाने घेतलाय, तर चांगलंवाईट सगळं लिहिते, तालुक्यातल्या बाकी शाळांना आणि शिकवणीवाल्यांना उपयोग होईल.

ऑनलाइन बघितलं तर मुख्य ३ साइज मिळतात, ४५ सेंटीमीटरचा टेबलावरचा, ८५ सेंटीमीटरचा आणि मग माणसाएवढा १७० चा. ४५ वाला स्वस्त आहे पण मनगटाची हाडं इतकी बारीक की मागच्या मुलांना सोडाच, पुढच्यांनाही दिसत नाहीत, एका मैत्रिणीच्या शाळेत आहे तो हाताळून बघितला होता. माणसाएवढा घ्यायला बजेट नव्हतं आणि ठेवणार कुठे, आमचं ऑफिस म्हणजे एक कपाट आणि एक टेबल. मग ८५ वाला घेतला, स्टँडसकट साडेतीन हजाराच्या आसपास पडला. प्लास्टिकचा आहे, हाडाच्या पिवळट रंगाचा. एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की बाई खरा नाही ना हा, तर नाही, आता शाळेत येतात ते सगळे प्लास्टिकचेच. पूर्वी खरे सांगाडे असायचे आणि आपल्या देशातून ते परदेशी जायचेसुद्धा, १९८५ साली सरकारने ती निर्यात बंद केली. हे त्यांना सांगितल्यावर ते निवांत झाले.

आता चांगलं काय ते आधी. या मॉडेलचा कणा एक नंबर आहे. तो आतून वायरवर ओवलेला आहे त्यामुळे थोडा वाकतो, आणि बाजूने बघितलं की मानेला पुढे, पाठीला मागे, कमरेला परत पुढे असा बाक स्पष्ट दिसतो. मानेचे ७ मणके, बरगड्या लागतात ते १२, कमरेचे ५, सगळे मोजता येतात, आणि खाली त्रिकास्थी म्हणजे ५ मणके जुळून झालेलं एक हाड, त्यावर जुळल्याच्या रेघापण आहेत. मुलांना मोजायला लावलं की ती नुसती बघत नाहीत, बोट ठेवून एकेक मणका पकडत खाली येतात आणि मग आपोआप एकमेकांच्या पाठीवर बोट फिरवायला लागतात. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो टेंगळासारखा मणका लागतो तो प्रत्येकाला सापडला. जिराफाच्या मानेतपण ७च मणके असतात हे सांगितलं तर कोणाचाच विश्वास बसेना.

मणक्यांच्या मधून दोन्ही बाजूंना पिवळ्या दोऱ्यांसारखे तुकडे बाहेर आलेत. या नसा. पाठीचा कणा नुसता उभं राहायला नाही, आतून मज्जारज्जू जातो आणि त्याला सांभाळायला हे मणक्यांचं कवच, हे सांगायला या पिवळ्या तुकड्यांचा फार उपयोग झाला. आणि कमरेच्या दोन मणक्यांच्या मध्ये एका ठिकाणी गादी लाल रंगाची, बाहेर आलेली दाखवलीय. पॅकिंगवर त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, पण ती सरकलेली गादी आहे, डॉक्टरांकडे पेशंटला समजवायला ठेवतात तसली. आमच्याकडे अर्ध्या घरात कोणाची तरी कंबर धरलेली असते, बोटीवर जाणाऱ्यांची तर जास्तच. एका मुलाने ते लाल बघितलं आणि म्हणाला माझ्या बाबांचं हेच झालंय, आणि मग त्यानेच बाकीच्यांना दाखवलं की ही गादी त्या पिवळ्या नसेला लागते म्हणून पाय दुखतो. कंबरेच्या दुखण्याने पाय कसा दुखतो हे मोठ्या माणसांनाही पटकन कळत नाही, त्याला कळलं.

सांधे. खांदा आणि खुबा दोन्ही उखळीचे सांधे, दोन्ही फिरतात, आणि हात नि पाय दोन्ही काढून परत बसवता येतात हे मला सगळ्यात आवडलं, कारण हातात घेतल्यावरच फरक समजतो. खुब्याची वाटी खोल आहे, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात आत जाऊन बसतो, आणि खांद्याची वाटी एकदम उथळ. म्हणून खांदा जास्त फिरतो आणि म्हणूनच निखळतोही तोच जास्त. आमच्या वर्गात पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं टाकणाऱ्यांची मुलं आहेत, त्यांना उभं करून पाग टाकायची ॲक्शन करायला लावली आणि बाकीच्यांनी बघायचं की कुठला सांधा किती फिरला, कमर, खांदा, कोपर, मनगट. कोपर आणि गुडघा बिजागरीचे, ते एकाच बाजूला वाकतात, हे मुलांना आधीपासून माहीत असतंच. जबडा स्प्रिंगवर उघडतो मिटतो, लहान मुलं सगळा वेळ तेच करत बसतात, त्यामुळे स्प्रिंग लवकर ढिली झाली.

कवटीचं वरचं झाकण निघतं. आत मेंदूची जागा दिसते, खाली मोठं भोक दिसतं जिथून मज्जारज्जू बाहेर पडतो, हे छानच. पण शिकवणाऱ्याने एक सांगायला हवं, ते झाकण काढायला जी सरळ गोल रेघ आहे ती मॉडेलवाल्यांनी कापलेली, खऱ्या कवटीत तशी रेघ नसते. खरे जोड वाकडेतिकडे नागमोडी असतात आणि तेपण या मॉडेलवर आहेत, जरा पुसट आहेत पण खिडकीशी नेऊन तिरपं धरलं की दिसतात. तिथून मी टाळूवर आले. घरात बाळाच्या टाळूवर तेल भरताना सगळ्यांनी बघितलेलं असतं, हात लावला की तिथं धडधडतं, म्हणजे कवटीची हाडं तिथे अजून भेटलेली नसतात. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. जन्मताना बाळाच्या अंगात जवळजवळ ३०० हाडं असतात आणि मोठेपणी २०६ राहतात, ती कुठं हरवत नाहीत, एकमेकांना जुळतात. हे नुसतं सांगितलं तर पाठांतर होतं, टाळूवरून सांगितलं तर लक्षात राहतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग. पहिल्याच दिवशी दुसरीतली एक मुलगी सांगाड्यासमोर उभी राहिली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाई, ह्येचां नाक खंय गेलां?" खरंच, नाकाच्या जागी भोक. कानपण नाहीत. हा प्रश्न तक्त्यावर मला कोणी कधी विचारला नव्हता. नाकाचं टोक आणि कान कूर्चेचे असतात, हाडाचे नाहीत, म्हणून सांगाड्यात ते राहत नाहीत. सगळ्यांना कान दुमडायला लावला, सोडला की परत जागेवर येतो, नडगीवर टकटक करा, तिथे काही दुमडत नाही. आणि मग कूर्चा म्हणजे काय हे समजवायला मालवणातल्या मुलांना बाहेर कुठं जायला नको, घरात मोरी म्हणजे लहान शार्क मासा येतो. मोरीच्या अंगात हाड नसतंच, सगळा सांगाडा कूर्चेचा, पाकट या चपट्या माशाचंही तेच. बांगड्याचा काटा घशात अडकतो तसा मोरीचा अडकत नाही हे माहीत सगळ्यांना होतं पण का ते कोणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरं घरून जेवणानंतर उरलेलं धुऊन पुसून घेऊन आली, बांगड्याचा कणा, सुरमईचा मोठा मणका, मोरीच्या कण्याचा तुकडा, कुर्लीची म्हणजे खेकड्याची नांगी, आणि एक जण किनाऱ्यावरून समुद्रफेस घेऊन आला की बाई हे पण हाड.

ते सगळं पेपरवर मांडलं आणि सांगाडा शेजारी उभा केला. सुरमईचा मणका आणि माणसाचा मणका शेजारी ठेवले तर दोन्हींना मज्जारज्जूसाठी जागा आहे, हे मुलांनीच शोधलं. कुर्लीचा सांगाडा बाहेरून असतो, तो वाढत नाही, म्हणून तिला जुनं कवच टाकून नवं घ्यावं लागतं आणि तेवढे दिवस ती मऊ असते. आपला सांगाडा आत आहे आणि आपल्याबरोबर वाढतो. समुद्रफेस हाड नाही, तो कटलफिश नावाच्या समुद्री प्राण्याचा आतला शिंपला, त्याच्या बारीक बारीक खणांत हवा असते म्हणून तो पाण्यावर तरंगत किनाऱ्याला येतो, बादलीत टाकून बघितला. सांगाड्याचे पैसे खरं म्हणजे इथे वसूल झाले, कारण तो मध्ये उभा होता म्हणून बाकीच्या सगळ्याची त्याच्याशी तुलना झाली.

ज्यांना जमेल त्यांनी रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मुलांना घेऊन जा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे, तिथल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. देवमाशाच्या पुढच्या पंखात आपल्यासारखीच दंडाची, मनगटाची, बोटांची हाडं असतात, आणि मागे पाय नाहीत पण कमरेच्या हाडाचे छोटे अवशेष असतात. आधी शाळेत माणसाचा हात नीट बघून गेलेलं मूल तिथं वेगळंच बघतं.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी, आमच्या सांगाड्याची दोन्ही पावलं उलटी बसवून आली होती, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे, म्हणजे अंगठे बाहेरच्या बाजूला. पाचवीतल्या एका मुलाने त्याच्या शेजारी स्वतःचा पाय ठेवून बघितला आणि ओरडला की ह्येचे अंगठे भायर आसत. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर बदलून मिळणार नाही. शिकवण्याच्या वस्तूत डावंउजवं चुकणं हे मला पटतच नाही, कारण मूल तेच बरोबर समजून चालणार. शेवटी स्क्रू काढून आम्हीच अदलाबदल केली, काम सोपं होतं, पण कोणाच्या लक्षातच आलं नाही तर?

दुसरी, बॉक्सवर मोठ्या अक्षरात २०६ हाडं लिहिलंय ते बरोबर नाही. कवटीची २२ हाडं इथे झाकण, खालचा भाग आणि जबडा अशा ३ तुकड्यांत येतात, ते ठीक आहे, पण कानाच्या आतली ३ आणि ३ अशी ६ हाडं नाहीतच, आणि जिभेच्या मुळाशी असतं ते कंठास्थीपण नाही. कानातलं रिकीब नावाचं हाड अंगातलं सगळ्यात लहान, साधारण ३ मिलिमीटर, ते या साइजमध्ये दाखवणं शक्य नाही हे मला समजतं, मग तसं लिहा ना. मी तांदळाचा दाणा अर्धा मोडून दाखवला. हाताची २७ हाडं मात्र मोजता येतात, मनगटाची ८, तळव्याची ५, बोटांची १४, पण सगळा पंजा एका तुकड्यात आहे, बोटं वाकत नाहीत. दोन हात आणि दोन पावलं मिळून १०६ हाडं होतात म्हणजे अंगातल्या निम्म्याहून जास्त, आणि नेमकी तीच इथे हलत नाहीत.

तिसरी, कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांना फिक्स केलीत. त्यामुळे तळहात वर खाली कसा फिरतो ते मॉडेलवर दाखवताच येत नाही. हे मुलांच्या स्वतःच्या हातावर करून घ्या, दुसऱ्या हाताने मनगटाच्या वर घट्ट धरायचं आणि पंजा पालथा करायचा, एक हाड दुसऱ्यावरून जातं ते हाताला कळतं.

चौथी आपल्या कोकणातली. स्टँडचा रॉड, स्क्रू, खुब्याचे हूक, जबड्याची स्प्रिंग, सगळं साधं लोखंड. पहिल्या पावसाळ्यातच गंज चढला, गंजाचे तांबूस ओघळ मांडीच्या हाडावर उतरले आणि बरगड्यांच्या मागे बुरशी धरली. आता स्क्रू बाजारातून स्टेनलेसचे आणून बदललेत, हूकला मशीनचं तेल लावते आणि जूनच्या आधी त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वर ठेवते. बुरशी साबणाच्या पाण्याने निघते, पण उन्हात वाळवत ठेवू नका, बरगड्या मऊ होऊन वाकतात, आमची एक वाकलीय.

पाचवी गोष्ट तक्रार नाही पण लिहायला हवी. कुठलाही सांगाडा मुलांना हेच शिकवतो की हाड म्हणजे सुकं, पांढरं, मेलेलं काहीतरी. अंगातलं हाड जिवंत असतं, त्यात रक्त फिरतं, आतल्या लाल मज्जेत रक्तपेशी तयार होतात, शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठवलेलं असतं. हे प्लास्टिकमधून कसं कळणार? त्यासाठी कोंबडीची तंगडी. स्वच्छ धुतलेलं हाड बाटलीत व्हिनेगर घालून आठवडाभर ठेवायचं, मध्ये व्हिनेगर बदलायचं. आमच्याकडे सहावीतल्या मुलीने ते बाहेर काढलं, नळाखाली धुतलं आणि दोन बोटांत धरून वाकवलं तर ते रबरासारखं वाकलं आणि सोडल्यावर परत सरळ झालं. व्हिनेगरने कॅल्शियमचे क्षार विरघळून गेले आणि कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन तेवढं राहिलं. दुसरं तसंच हाड मी घरी चुलीत भाजून नेलं होतं, ते उलटं, चिवट भाग जळला आणि क्षार राहिले, चिमटीत दाबल्यावर भुगा. कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही एकत्र असतात म्हणून आपण माडावरून उतरताना शेवटच्या टप्प्यात उडी मारली तरी पाय मोडत नाही. मग नाचणीवर बोलणं झालं, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि काट्यासकट खातो त्या बारीक माशांतूनही ते मिळतं.

आणि फुकटातली गोष्ट म्हणजे घरातले जुने एक्स-रे. प्रत्येक घरात कपाटावर एक तरी पाकीट असतंच. मुलांना आणायला सांगितलं, नाव लिहिलेली पट्टी कागदाने झाकली आणि खिडकीच्या काचेवर चिकटवले. आमच्या चौथीतल्या मुलाचा हात आंब्यावरून पडून मोडला होता, त्याचे प्लास्टर घालायच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही एक्स-रे आईने पाठवले. आधीच्यात फट दिसते, नंतरच्यात त्याच जागी हाड जरा जाड झालेलं. प्लास्टर हाड जोडत नाही, नुसतं हलू देत नाही, जोडायचं काम हाड स्वतः करतं, आधी कूर्चेसारखा मऊ भाग धरतो आणि मग त्याचं हाड होतं, हे तो मुलगा आता सगळ्या शाळेला सांगतो. त्याच फिल्मवर मनगटाजवळ हाडाच्या टोकाला आणखी एक सरळ काळी फट होती, मुलांना वाटलं ते पण मोडलंय. ती वाढीची जागा, तिथे अजून कूर्चा आहे आणि तिथूनच हाड लांब होतं. मुलींची ती साधारण १४-१५ ला आणि मुलांची १६-१७ ला बुजते, मग उंची थांबते. आजोबांच्या एक्स-रेत ती फट नव्हती, शेजारी शेजारी लावून दाखवलं. प्लास्टिकच्या सांगाड्यातपण नाहीये, कारण तो मोठ्या माणसाचा आहे, लहान आकारात बनवलाय म्हणून तो लहान मुलाचा सांगाडा होत नाही, हे वर्गात मुद्दाम सांगा.

माझ्याकडून ५ पैकी ३.५ स्टार. दीड स्टार पावलांसाठी, गंजासाठी आणि बॉक्सवरच्या २०६ साठी कापला. तरी चौथीच्या पुढच्या वर्गांना नक्की घ्या म्हणेन, दोन तीन जवळच्या शाळांनी मिळून घेतला तर अजून बरं, आमचा सध्या शेजारच्या वाडीतल्या शाळेत गेलाय. अंगणवाडी आणि पहिलीला एवढा खर्च करू नका, त्यांना स्वतःचे गुडघे, कोपर, बरगड्या चाचपायला लावलं तरी भरपूर होतं. घरी एकट्या मुलासाठी घेत असाल तर ४५ वाला चालेल, पण कणा वाकणारा आहे का आणि हातपाय निघतात का ते विकणाऱ्याला विचारूनच घ्या, काही स्वस्त मॉडेलमध्ये सगळं चिकटवलेलं असतं. पार्सल उघडताना व्हिडिओ चालू ठेवा, आणि स्टँडवर चढवायच्या आधी तीन गोष्टी बघा, अंगठे आतल्या बाजूला आहेत का, गुडघ्याच्या वाट्या दोन्ही आहेत का आणि बरगड्या १२ जोड्या भरतात का, त्यातल्या खालच्या दोन जोड्या पुढे कशालाच जोडलेल्या नसतात, त्या तुटलेल्या समजून परत पाठवू नका.